नऊशे बारा आणि पस्तीस

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत काही आकडे पाढ्यांसारखे पाठ असत. आमच्या घरात तो आकडा नऊशे बारा हा होता. १९४५-४६च्या रणजी हंगामात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध आठ बाद ९१२ धावा करून डाव घोषित केला आणि त्या एका डावात सहा जणांनी शतके काढली, ही हकीकत नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडून मी किती वेळा ऐकली असेल याची मोजदाद नाही. नाना तेव्हा बारा वर्षांचे होते. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग आणि सी. के. नायडू ही सहा नावे ते एका दमात घेत आणि सी. कें.च्या नावाशी क्षणभर थांबत. सी. के. तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. ज्यांची फलंदाजी पाहायला गाव लोटत असे, त्या मुश्ताक अलींचे नाव या सहांत नाही, हेही नाना मिस्किलपणे सांगत.

१९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा त्याने रणजी करंडक जिंकला. चारही वेळा कर्णधार सी. के. होते. पुढे संस्थान विलीन झाल्यावर जे सगळ्याच गोष्टींचे झाले तेच संघाचेही झाले. होळकर हे नाव रणजीच्या तक्त्यातून गेले, तेथे मध्य भारत आले आणि मग मध्य प्रदेश. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे माझ्या वाट्याला संघ आला तो मध्य प्रदेशाचा आणि गोष्टी आल्या त्या होळकरांच्या. या दोहोंमधले अंतर हेच पुढे माझ्या संतापाचे कारण होणार होते, हे कळायला मला फार वर्षे लागली.

तो संताप किती जणांनी मिळून जोपासला होता हे सांगितले पाहिजे. आमच्या गल्लीतल्या ओट्यावर दर वर्षी दिवाळीनंतर एक बिनपगारी निवड समिती बसत असे. जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर आम्ही अकरा नावे लिहीत असू. अधिकृत संघ जाहीर झाला की दोन्ही याद्या शेजारी ठेवून पंचनामा सुरू होई. दोन सामन्यांत अपयशी ठरलेल्या पोराला तिसऱ्यात बाहेर का बसवले? सलामीच्या फलंदाजाला सहाव्या क्रमांकावर कोणी पाठवले? पाच गोलंदाज घ्यायचे सोडून सहावा फलंदाज कशाला? देवेंद्र बुंदेलासारखा गडी रणजीचे तब्बल १४५ सामने खेळला, पण भारताच्या संघात त्याला एकदाही जागा मिळाली नाही, हे आमचे कायमचे दुःख होते. काही तक्रारी खऱ्याच होत्या. सतत बदलणाऱ्या संघात कोणाचेही पाय स्थिर होत नाहीत, हे समजायला क्रिकेट खेळलेले असावे लागत नाही. परंतु आमच्या टीकेत एक गोडवाही होता, तो मला आज जाणवतो. संघ हरला की आम्ही बरोबर ठरत होतो.

१९९९ साली मात्र बरोबर ठरण्यात काही गोडवा उरला नाही. चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना खेळत होता. पहिल्या डावात आपली ७५ धावांची आघाडी होती. सामना अनिर्णित राहिला तरी करंडक आपला. शेवटच्या डावात २४७ धावा हव्या होत्या, त्या झाल्या नसत्या तरी चालले असते; फक्त उभे राहायचे होते. आम्ही पाळीपाळीने वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करून धावसंख्या विचारत होतो. दर फोनगणिक पलीकडच्या माणसाचा आवाज खाली जात होता. संघ १५० धावांत बाद झाला आणि ९६ धावांनी हरला. त्या रात्री ओट्यावर कोणी लिफाफा काढला नाही. मी मात्र मनाशी ठरवून टाकले, की ही माणसे होळकरांच्या वारशाला लायक नाहीत. त्यानंतर मी मैदानावर जाणे जवळजवळ सोडले. रागावणे सोडले नाही.

नाना जात राहिले. रणजी सामन्याला इंदुरात गर्दी नसते. ८ डिसेंबर २०११ रोजी सेहवागने होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्ध २१९ धावा काढल्या तेव्हा जेथे पाय ठेवायला जागा नव्हती, तेथेच रणजीच्या दिवशी माणसे बोटांवर मोजता येत. त्या मोजक्यांत डब्यात पोळी-भाजी घेऊन बसलेले माझे वडील असत.

जानेवारी २०१९मध्ये आंध्रविरुद्ध सामना होता. नाना पंच्याऐंशीचे झाले होते, एकटे पाठवणे शक्य नव्हते, म्हणून मी बरोबर गेलो. पहिल्या डावात आपला संघ ९१ धावांत गुंडाळला गेला होता. दुसऱ्या डावात विजयासाठी ३४३ हव्या होत्या. तीन बाद ३५ अशी धावसंख्या असताना मी घड्याळ पाहिले, ते मला आठवते. त्यानंतर फलकावरचा पस्तीसचा आकडा हललाच नाही. एक गडी, दुसरा, तिसरा. एकही धाव न होता सहा गडी बाद झाले. एक फलंदाज जखमी असल्याने खेळायला येऊ शकला नाही, आणि डाव ३५ धावांवर संपला. पराभव ३०७ धावांचा.

मी उठून उभा राहिलो. नानांनी माझा हात धरून खाली बसवले. खेळाडूंचे हस्तांदोलन होईपर्यंत ते बसून राहिले आणि आपला संघ मान खाली घालून आत जाऊ लागला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या मैदानात तो आवाज फार एकटा वाटला. माझा तोल गेला. मी म्हणालो, "नाना, टाळ्या कसल्या वाजवता? ज्या गावात नऊशे बारा झाले त्या गावात पस्तीस! यांच्यातल्या निम्म्यांना क्लबच्या संघातही कोणी घेऊ नये." ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर रात्री जेवताना म्हणाले, "चूक माझी आहे. मी तुला जिंकलेलेच सामने सांगितले."

आणि मग त्यांनी, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, हरलेले सामने सांगायला घेतले. दहा अंतिम सामन्यांपैकी सहा आपण हरलो, हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. १९४४-४५ला डेनिस कॉम्प्टन आपल्याकडून खेळला. युद्धकाळात तो सैन्यात होता, महूला होता. त्याने अंतिम सामन्यात नाबाद २४९ काढल्या, तरी मुंबईने आपल्याला ३७४ धावांनी हरवले. १९४६-४७ला बडोद्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी आपल्या गोलंदाजांना ५७७ धावांच्या भागीदारीचे पाणी पाजले. आणि १९५५ साली येथेच, इंदुरात, मद्रासने आपल्याला ४६ धावांनी हरवले. नाना तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि मैदानावर होते.

"होळकर संघाचा तो शेवटचा सामना," ते म्हणाले. "त्या दिवशी माणसं उठून जात होती, रे. मीही गेलो. शेवटचे गडी मी पाहिले नाहीत. पुढे होळकर संघ कधी मैदानात उतरलाच नाही."

इतके बोलून ते ताकाची वाटी घेऊन उठले. चौसष्ट वर्षे त्यांनी ही गोष्ट मनात ठेवली होती आणि पस्तीस धावांच्या दिवशी मला दिली.

त्यानंतर मी आमच्या रागाकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. होळकरांचा संघ आकाशातून पडला नव्हता. संस्थानाने सी. कें.ना नागपूरहून आणले, निंबाळकर कोल्हापूरचे, सरवटे सागरचे. दरबारी नोकरी आणि लष्करातला हुद्दा देऊन माणसे जपली गेली, म्हणून तो संघ उभा राहिला. आम्हा मराठी घराण्यांचे पूर्वजही असेच कुठून कुठून येऊन या गावचे झाले. संस्थान गेले तेव्हा ती व्यवस्था गेली. अपेक्षा तेवढ्या आमच्यापाशी राहिल्या. राज्याच्या संघाला रीवा, शहडोल, सागर, चंबळ अशा लांबच्या मुलुखातून पोरे शोधावी लागत होती, आणि आम्ही ओट्यावर बसून त्यांच्याकडे राजाश्रयाच्या काळातला हिशोब मागत होतो. आम्हाला राग येत होता तो निवड समितीचा, असे आम्ही समजत होतो. खरे म्हणजे आम्हाला आमचे जुने इंदूर परत हवे होते, आणि ते अकरा पोरांनी बॅटीने आणून द्यावे असा आमचा हट्ट होता. हा हट्ट आम्ही क्रिकेटपुरता ठेवला नव्हता, हेही कबूल केले पाहिजे.

नाना २०२०च्या पावसाळ्यात गेले. त्याच वर्षी चंद्रकांत पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले होते, ही बातमी त्यांनी वाचली होती आणि "बघ, परत आला," एवढेच म्हणाले होते.

जून २०२२मध्ये बंगळूरच्या त्याच मैदानावर मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात मुंबईला सहा गडी राखून हरवले. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी पहिल्या डावात शतके काढली. आमच्या लिफाफ्यावर ज्यांची नावे सर्वांत वर असती, ते आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर भारतीय संघाबरोबर असल्याने त्या सामन्यात नव्हतेच. त्या मोसमात ज्याच्या फिरकीने संघ तारला, तो कुमार कार्तिकेय उत्तर प्रदेशातून येऊन शहडोलकडून खेळत खेळत वर आलेला. आमच्या लिफाफ्यावर तीस वर्षांत शहडोलचे एकही नाव आलेले नव्हते. सामना संपल्यावर पंडितांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. दूरदर्शन संचासमोर मी एकटाच होतो. तेवीस वर्षांपूर्वी आम्ही ओट्यावर उठून गेलो होतो. तो माणूस मात्र ते मैदान बरोबर घेऊन फिरत राहिला होता. मला आनंद झाला, पण तो पूर्णपणे माझा आहे असे वाटेना. तो नानांचा होता.

फेब्रुवारी २०२३मध्ये त्याच विजेत्या संघाचा उपांत्य सामना होळकर स्टेडियमवर झाला. बंगालने ५४८ धावांचे लक्ष्य दिले होते. सामना हातचा गेला आहे हे शेवटच्या सकाळी सगळ्यांना ठाऊक होते. मी डबा घेऊन गेलो. आजूबाजूला फार तर वीस-पंचवीस माणसे असतील. संघ २४१ धावांत बाद झाला आणि ३०६ धावांनी हरला. हस्तांदोलन झाले, पोरे मान खाली घालून आत निघाली, आणि मी टाळ्या वाजवल्या. दोन रांगा सोडून बसलेल्या एका तरुणाने वळून माझ्याकडे पाहिले आणि मग त्यानेही वाजवल्या.

बाहेर पडताना खिशातला लिफाफा हाताला लागला. पुढच्या मोसमासाठी संघात दोन नावे बदलायला हवीत, असे माझे मत आजही आहे.