वायरीतून बोटं जातात

२६ सप्टेंबर २०२४
पुतण्याचं गाणं विजयादशमीच्या आत व्हायला हवं. त्या दिवशी दीक्षाभूमीवर स्टॉलास्टॉलांतून भीमगीतं वाजतात. पूर्वी तिथे कॅसेट विकल्या जायच्या, मग सीडी आल्या. याला गाणं फोनवरून पाठवायचंय. चाल त्याची, शब्द मित्राचे, गाणार मित्राची बहीण. मी पेटीवाला, म्हणून कीबोर्ड माझ्याकडे.

कीबोर्ड लॅपटॉपला जोडायची वायर आणायला संध्याकाळी सीताबर्डीला गेलो. पितृपक्षामुळे दुकानदार निवांत. कीबोर्डच्या मागच्या चौकोनी पोर्टचा फोटो दाखवला तर म्हणाला, "भाऊ, याला प्रिंटरचीच वायर लागते ना!" म्हणजे घरीच होती. गल्लीतल्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या जुन्या कीबोर्डला मात्र पाच पिनांची गोल सॉकेटं आहेत. त्याला वेगळी मिडी केबल लागते, आणि तिचं 'इन' लिहिलेलं टोक कीबोर्डच्या 'आउट'मध्ये घालायचं असतं.

२७ सप्टेंबर
वायर लावली, लॅपटॉपने कीबोर्ड ओळखला, पट्टी दाबली की पडद्यावर दिवा लुकलुकतो. "काका, आवाज तर येऊनच नाही राहिला!"

येणार कुठून? या वायरीतून आवाज जातच नाही. कुठली पट्टी, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढीच खबर जाते. मधला सी म्हणजे ६०, जोर १ ते १२७. आवाज कॉम्प्युटरने काढायचा; त्यासाठी ट्रॅकवर एखादं वाद्य चढवावं लागतं. ते चढवलं आणि पेटी बोलली.

वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ही मिडी नावाची भाषा ठरली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात अमेरिकेचा प्रॉफेट-६०० आणि जपानच्या रोलंडचा ज्युपिटर-६ एका वायरीने जोडून दाखवले होते. आज त्याच भाषेच्या जोरावर पुतण्याने माझी पांढरी पाच एका झटक्यात काळी चार केली, पुन्हा न वाजवता. गाणारीला तीच पट्टी सोयीची.

३० सप्टेंबर
बोट आत्ता पडतं, सूर मागाहून येतो. अशाने वाजवणाराच लय सोडतो. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे साठवून मग पुढे सोडतो. तो साठा म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १,०२४ चा बफर सुमारे २३ मिलिसेकंद खातो, १२८ चा जेमतेम ३. शिवाय विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर आपली भर घालतो ती निराळीच. पुतण्याने फुकट मिळणारा एएसआयओ ड्रायव्हर टाकला, बफर उतरवला. फार उतरवला तर आवाज कडकड तुटतो, म्हणून २५६ वर थांबलो.

मींड घ्यायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायला, कीबोर्डच्या डावीकडे चाक आहे. सहसा ते सूर दोन अर्धस्वर वर किंवा खाली नेतं. पेटीला मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिच्यावर बंदी घातली होती. आमचं नागपूर केंद्र १९४८ चं, म्हणजे त्याची पहिली दोन दशकं बंदीतच गेली. हे चाक तेव्हा हवं होतं! पण ते फिरवायला डावा हात अडकतो आणि त्या चॅनलवरचे सगळेच सूर एकदम वाकतात. दोन सूर धरून एकावर मींड घेऊ म्हणाल तर जमत नाही. मी ते सोडून दिलं.

४ ऑक्टोबर
काल घटस्थापना झाली. आज भांडण.

पुतण्याने सगळे सूर निवडून क्वांटाइझ दाबलं. प्रत्येक सूर जवळच्या रेघेवर जाऊन बसला आणि गाणं मेलं. भजनी ठेक्यात पेटी कुठे जरा रेंगाळते, समेवर यायच्या आधी किंचित घाई करते. ढोलकीवाला त्यावर डोलतो. यंत्राने ते सगळं इस्त्री करून टाकलं. "काका, आजकाल असंच ऐकतात लोकं." ऐकत असतील, पण गाणारी यावर श्वास कुठे घेणार?

शेवटी क्वांटाइझची ताकद तीस टक्क्यांवर आणली: उघड घसरलेले सूर सावरले, झोका राहिला. अंतऱ्यातल्या पट्ट्यांना मात्र हात लावू दिला नाही.

८ ऑक्टोबर
गाणारी आली. तिच्या गळ्याला ६० आणि १२७ चालत नाहीत. तिथे माइक हवा, ऑडिओ इंटरफेस हवा. तो ऑर्केस्ट्रावाल्याने दिला, एका संध्याकाळपुरता. पंखा बंद, खिडक्या बंद, ऑक्टोबरचा उकाडा. तिसऱ्या कडव्यात शेजारचा मिक्सर सुरू झाला. पुतण्या सांगायला गेला; तेवढ्यात मी तिला पाणी दिलं आणि ते कडवं पुन्हा घ्यायला ट्रॅक मागे नेऊन ठेवला.