लायब्ररीत चार्जिंग पॉइंट आहे का?

मराठी माणूस काय काय ‘लावतो’ बघा. दूध लावतो, पेपर लावतो, एकटा राहत असेल तर डबा लावतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना लायब्ररी लावतो. यातली शेवटची गोष्ट मी अजून लावलेली आहे असं ऑफिसात कळलं, तेव्हा लंचला सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी अजून पोस्टकार्डं पाठवते. ‘अगं, सगळं तर मोबाइलवर मिळतं!’

सगळं? गेलं वर्षभर मी हे तपासून बघतेय, आणि हौस म्हणून नाही. आईच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं आणि छापील अक्षर तिला दिसेनासं झालं. आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारी बाई ही! भावानं टॅब्लेट आणून दिला. बोटांनी अक्षर मोठं केलं, एका स्क्रीनवर जेमतेम सात-आठ ओळी मावतील इतकं, आणि ती पुन्हा वाचायला लागली. त्या दिवसापासून ‘पुस्तकाच्या वासाची मजा काही औरच’ म्हणणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. वास येतो हो, पण अक्षर नको का दिसायला?

सुरुवातीचे महिने मजेत गेले. २०१६च्या डिसेंबरपासून किंडलवर मराठी पुस्तकं आहेत, २०१७मध्ये स्टोरीटेल आलं. नवं बरंचसं वाचायला किंवा ऐकायला मिळतं. खूप जुनंही मिळतं, कारण लेखक गेल्यानंतर आपल्याकडे ६० वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ उजाडलं आणि ‘श्यामची आई’ कुणालाही नेटवर टाकायला मोकळी झाली. पु. ल. गेले २००० साली, म्हणजे त्यांच्यासाठी २०६० संपायची वाट बघायची. अर्थात पु.लं.ची पुस्तकं दुकानात मिळतात, त्यांची चिंता नाही.

चिंता मधल्यांची. आईच्या यादीत होत्या तिच्या कॉलेजच्या दिवसांतल्या कादंबऱ्या. लेखिका अर्धवट विसरलेल्या, काहींचे प्रकाशक बंद पडलेले, हक्क नेमके कुणाकडे हे वारसांनाही सांगता येणार नाही अशी गत. खिळे जुळवून छापलेल्या या पुस्तकांचं ई-बुक करायचं तर सगळा मजकूर नव्यानं टाइप करून प्रुफं तपासायची. नंतरच्या काळातली पुस्तकं कम्प्युटरवर जुळवलेली असली तरी त्यांचे जुने फाँट युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांचा चुराडा होतो. एवढा खर्च करणार कोण? मग ही पुस्तकं आहेत कुठे? खाकी कव्हर घालून, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर टाकून, माझ्या लायब्ररीच्या मागच्या कपाटात. एकेकच प्रत.

म्हणजे जिथे पुस्तक होतं तिथे आईला दिसत नव्हतं, आणि जिथे दिसत होतं तिथे पुस्तक नव्हतं.

न्यू जर्सीतल्या मावसबहिणीनं ‘लिबी’ सुचवलं. २०१७मध्ये आलेलं हे ॲप. लायब्ररीचं कार्ड असलं की रात्री दोन वाजता बिछान्यात पडून ई-बुक फुकट घरी येतं, मुदत संपली की आपोआप परत जातं. दंड नाही! पण यातही गंमत आहे. फाइल असली तरी बऱ्याच पुस्तकांच्या बाबतीत एक प्रत एका वेळी एकालाच, बाकीच्यांनी नंबर लावायचा. २०११ साली हार्परकॉलिन्सनं तर नियम काढला होता, की ई-बुक २६ वेळा दिलं की लायब्ररीनं ते पुन्हा विकत घ्यायचं. फाइल फाटत नाही, मग ती २६ वेळा वाचून फाटली असं समजायचं! बहिणीला एवढं करून इंग्रजी थ्रिलर मिळतात. आईची यादी जिथल्या तिथे.

शेवटी मार्ग सापडला तो कायद्यात. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि दृष्टी अधू असलेल्या माणसाला वाचता येईल अशी प्रत त्याच्या खासगी वापरासाठी करून द्यायला कुणालाही मुभा मिळाली. अशा वाचकांसाठी २०१६पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे, पण आईची पुस्तकं मला तिथे सापडली नाहीत. मग मी सरळ देवघेवीच्या टेबलाशी गेले. तिथे पाटी : ‘पुस्तकांचे फोटो काढू नयेत.’ ग्रंथपाल काकांना सगळं सांगितलं, मोबाइलवर कलम उघडून दाखवलं. काकांनी चष्मा वर केला, तीनदा वाचलं आणि म्हणाले, ‘शनिवारी दुपारी या. खिडकीपाशी उजेड चांगला असतो.’

त्या शनिवारांमुळे मला बाकीची लायब्ररीही दिसली. कादंबऱ्यांच्या कपाटांपाशी शुकशुकाट. अभ्यासिकेत मात्र खुर्ची मिळणं मुश्कील! एमपीएससीची मुलं-मुली सकाळी सातपासून येतात, टॅब्लेटवर नोट्स, कानात लेक्चर. लायब्ररीतलं एकही पुस्तक न उघडता दिवसाचे दहा तास तिथे काढतात. दोन खोल्यांच्या घरात शांतता कुठून आणणार? काका सांगतात, पूर्वी नवा सभासद अनामत किती ते विचारायचा, आता आधी चार्जिंग पॉइंट विचारतो. त्यांनी स्वतःच्या खिशातून दोन एक्स्टेन्शन बोर्ड आणून लावलेत. अभ्यासिकेच्या फीमुळेच लाइटबिल भागतं म्हणे. मागच्या कपाटाचा गेल्या वर्षीचा कीटकनाशकाचा खर्चही त्यातूनच निघाला. म्हणजे मोबाइलवाल्या पोरांच्या जिवावर माझ्या आईच्या कादंबऱ्या वाळवीपासून वाचल्या आहेत, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

सध्या चौथं पुस्तक सुरू आहे. ३१२ पानं, म्हणजे १५६ फोटो. शिवण घट्ट असल्यानं पान पूर्ण उघडत नाही, काका समोर बसून पट्टीनं दाबून धरतात. पन्नासेक फोटो झाले की मी आईला पाठवते, आणि पुढच्या शनिवारच्या आत तिचा फोन येतोच : ‘अगं, तिनं लग्न मोडलंय! पुढचं कधी पाठवतेस?’ परवा काकांनी दिवाळी अंक योजनेचा फॉर्म हातात ठेवला. भरून टाकलाय. आईला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर जाहिरातींसकट सगळे अंक मागेल.