चुकलेली ओळ दिसली पाहिजे

ऑनलाइन वर्गात प्रश्न विचारल्यावर जी शांतता पसरते, ती मुरलेल्या शिक्षकालाही वाचता येत नाही. मुले विचार करताहेत, रेंज गेली आहे, की कुणी ऐकतच नाही? प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे अधिक विस्ताराने येतात, हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवले. पडद्यावर तेवढा वेळ माइक सुरू करण्यातच जातो. मग शिक्षक पुढे बोलत राहतो. आम्हा शिकवणाऱ्यांना स्वतःचे वक्तृत्व प्रिय असते आणि तंत्रज्ञानाने नेमका तोच अहंकार पोसला. व्याख्यान पोहोचवण्याची सोय उत्तम झाली, विद्यार्थ्याची अडचण आमच्यापर्यंत येण्याची वाट मात्र कच्चीच राहिली. ऑनलाइन शिक्षणाचा दर्जा या परतीच्या वाटेवर ठरतो, असे माझे ठाम मत आहे. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे चित्रण उत्तमच होते. तरी २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी सुमारे तीन टक्केच ते पूर्ण करू शकले. त्यातले कित्येक नुसते डोकावायला आले होते, हे मान्य. पण नुसत्या चकचकीत चित्रणाने माणूस अभ्यासाला बांधला जात नाही, हेही खरेच.

कुणी म्हणेल, चाचण्या आहेत, उत्तर लगेच तपासले जाते. जाते, पण चूक झाली एवढेच कळते. प्रमाण विचलनाचे गणित घ्या. एका विद्यार्थ्याने पाठवलेल्या वहीच्या फोटोत मध्य बरोबर, फरकांचा रकाना बरोबर, वर्गांची बेरीज बरोबर. शेवटी वर्गमूळ तेवढे राहिलेले. दुसऱ्याचा मध्यच चुकलेला. बहुपर्यायी प्रश्नाच्या लेखी दोघांनाही शून्य, शिकवायचे मात्र दोघांना वेगवेगळे. हजारो वह्या तपासणार कोण, हा आक्षेप वजनदार आहे. पण १९६९ साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने टपालाच्या काळातही शिक्षकांकडून स्वाध्यायांवर लेखी शेरे देण्याची पद्धत रुजवली. तिथे प्रश्न यंत्राचा नव्हता, माणसे नेमण्याचा होता. शिवाय वहीचा फोटो पाठवायला तासभराच्या थेट व्याख्यानापेक्षा कितीतरी कमी डेटा लागतो. खेड्यातल्या विद्यार्थ्यालाही तो परवडतो.

२०२१पासून आपल्याकडे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून घेण्याची मुभा आहे. म्हणूनच विद्यापीठांनी स्टुडिओवर खर्च करण्याआधी वह्या तपासणाऱ्यांच्या मानधनाची तरतूद करावी.