विकलेले आणि वाचलेले

पुस्तकाच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने सगळी पुस्तके वाचलेली असतात, असा गिऱ्हाइकांचा एक गोड गैरसमज असतो. अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या दुकानात मी तो तीस वर्षे जपला. कुणी म्हणाले, "काही चांगलं सुचवा हो," की मी 'बनगरवाडी' पुढे करायचो. वाचली होती ती पहिली वीस पाने!

गेल्या वर्षी सौ.चा मोतीबिंदू काढला. काही दिवस वाचन बंद. ती म्हणाली, "अहो, साऱ्या गावाला पुस्तकं सुचवता, मला एखादं वाचून दाखवा की. तुमची ती लाडकी 'बनगरवाडी'च घ्या."

पहिली वीस पाने झोकात झाली. पुढे मी अडखळू लागलो. तिने ओळखले. "तुम्ही ही वाचलेली नाही," ती शांतपणे म्हणाली, "आणि माझ्या आजारी भावाला 'ही वाचा, बरं वाटेल' म्हणून दिलीत." काळ्या चष्म्याआड तिचे डोळे मला दिसत नव्हते, हेच बरे. तो भाऊ आता नाही.

मग मी रोज रात्री वाचत गेलो. धनगरांच्या वाडीत आलेला तो तरुण मास्तर, त्याची शाळा, नि शेवटी दुष्काळाने ओस पडणारे गाव. पुस्तक मिटले तेव्हा दोघेही गप्प होतो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्याला आवडली असेल." माझा जीव भांड्यात पडला.

त्या रात्री मी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही जुनी रेकॉर्ड लावली. १९६७ सालचे ध्वनिमुद्रण. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. नि काश्मीरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, सकाळच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. माणदेशातल्या मेंढरांमागून ही काश्मीरातली मेंढरे ऐकून पाहा.

आणखी एक जोडी सांगतो. १९५५ साली धाकट्या माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने आली, नि त्याच वर्षी रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून थोरल्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. सुधीर फडक्यांच्या चालींतली ती छप्पन्न गीते नि ही छोटी कादंबरी एकाच कपाटात ठेवावी. दोन्ही एकाच घरची.

आता दुकानात कुणी विचारले, तर मी आधी सांगतो, "ही वाचली आहे, ही नाही." गिऱ्हाईक हसते; पण पुन्हा येते.

तिचे डोळे आता स्वच्छ झाले आहेत, तरी रात्रीचे वाचन माझ्याकडेच आहे. सध्या विश्राम बेडेकरांची १९३९ सालची 'रणांगण' चालू आहे. युद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तीवरचे निर्वासित ज्यू, नि एका मराठी तरुणाची हॅर्टाशी झालेली ओळख. परवा मी पाणी प्यायला उठलो, तर परत येईपर्यंत तिने पुढची चार पाने वाचून टाकली होती.

"पुढे काय झालं गं?" मी विचारले.

"वाचा की!" ती म्हणाली.