कुंड्यांसाठी कोरडवाहूचं कपाट

पाडव्याच्या सुमारास ग्रंथालयात बागेची पुस्तकं मागितली, की ड्यूई वर्गीकरणातल्या ६३५ च्या कपाटाकडे बोट दाखवलं जातं. गुलाब, परसबाग, गच्चीवरची भाजी. माझं म्हणणं असं, की उन्हाळ्याच्या तोंडावर आधी ६३१ कडे वळावं: माती, मशागत, पाणी. ६३५ मधली बरीचशी पुस्तकं पाणी आहेच असं धरून चालतात आणि इंग्लंडातली असली तर त्यांचा वसंत ओल्या मातीचा असतो. सोलापूर-नगरकडे चैत्रात जमिनीतली ओल संपत आलेली असते आणि मृग दोन महिन्यांवर. तेव्हा काय लावावं यापेक्षा आहे ती ओल कशी राखावी हा प्रश्न मोठा आणि त्यावर शेतीवाल्यांनी पूर्वीच लिहून ठेवलं आहे. एन. व्ही. कानिटकर यांचं ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ १९४४ चं. त्यामागे मांजरी आणि सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनाची वर्षं आहेत. ओल कुठून निसटते, हा या विषयाचा गाभा. उघडी माती उन्हाने सुकते, काळ्या जमिनीला भेगा पडल्या की खोलवरची ओलही त्यांतून उडते आणि तण उरलंसुरलं पिऊन टाकतं. म्हणून कोळपणी, म्हणून आच्छादन.

यावर रास्त आक्षेप असा, की शेत म्हणजे कुंडी नव्हे. खरंच आहे. बांधबंदिस्ती गच्चीवर निरुपयोगी. कुंडीतलं मूळ ओलीच्या शोधात खोल जाऊ शकत नाही आणि कुंडी चहूबाजूंनी तापते. म्हणून मी ते पुस्तक कृतींसाठी नव्हे, कारणांसाठी वाचायला सांगतो. कारण कळलं, की वाळक्या पाल्याचा दोन-तीन बोटं थर, संध्याकाळचं पाणी, कुंड्या एकमेकींना खेटून सावलीत ठेवणं हे ज्याचं त्याला सुचतं. मोबाइलवर हे सगळं दोन मिनिटांत दिसतं, असंही म्हणतील. दिसतं, पण कुठल्या मातीत, किती उन्हात, हे त्यात क्वचितच असतं, आणि नारळाच्या शेंड्या विकणाराच बहुधा शेंड्यांचे गुण सांगत असतो. जुन्या पुस्तकांतल्या जाती आणि औषधं कालबाह्य झाली आहेत, ती पानं सरळ उलटावीत. बाष्पीभवन मात्र १९४४ मध्ये व्हायचं तसंच आजही होतं. लहान गावच्या वाचनालयात कादंबऱ्यांपुढे ६३१ चं कपाटच नसेल, तर कृषी खात्याच्या ‘शेतकरी’ मासिकाचे जुने अंक मागून पाहावेत; नाहीतर राहुरी, परभणी, अकोला किंवा दापोली, जे कृषी विद्यापीठ जवळ असेल तिथल्या ग्रंथालयात बसून वाचता येईल का, ते विचारावं.