नाव राखून ठेवताना

नगरमध्ये १९८९ साली गिरीश कुलकर्णींनी ‘स्नेहालय’ सुरू केलं ते देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी. पुढे एचआयव्हीसह जगणारी मुलंही तिथं आली. जिल्ह्यात अशाच मुलांशी बोलायचं काम मीही करते.

मुलं आजाराचं विचारत नाहीत, गोळीचं विचारतात. ‘ताई, ताप उतरला की सगळ्यांच्या गोळ्या बंद होतात. माझ्या कधी होणार?’ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मी सांगते, रक्तात शिपाई असतात, तुझे कमी पडतात, गोळीमुळं ते टिकतात. म्हणून रोज, ठरल्या वेळेला. यातलं काहीच पुढं मागं घ्यावं लागत नाही. फक्त आजाराचं नाव राखून ठेवते.

राखते ती घरासाठी. मधुमेह सांगितला तर विषय मुलापाशी थांबतो. इथं लगेच पुढचा प्रश्न येतो: ‘मला कुणाकडून झालं?’ उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, वेळेवर औषधं मिळाली तर ५ टक्क्यांच्या आत. म्हणजे मुलाला त्याचा आजार सांगताना मी त्याच्या आईचा आजार उघड करत असते, बहुतेकदा बापाचाही. तो हक्क आधी आईचा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाही संमतीवाचून कुणाची स्थिती उघड करू देत नाही.

पण न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. देशात एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ ला. त्याआधी आई गेलेली कितीतरी मुलं आजीपाशी वाढली आणि त्यांना सांगितलं गेलं, ‘अपघातात गेली.’ असं मूल एआरटी सेंटरच्या बाकावर नंबरची वाट बघत बसायचं, भिंतीवरचं पोस्टर अक्षर लावून वाचायचं आणि हातातल्या गोळीशी जुळवायचं. आजार ते पचवायचं. आजीचं खोटं पचायचं नाही. त्या रागात गोळ्या सुटायच्या आणि गोळ्या सुटणं जिवावर बेततं.

शाळकरी वयातच मुलाला त्याचा आजार सांगावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये म्हटलं. मला ते पटतं. मात्र परीक्षेच्या तोंडावर सांगत नाही, आणि रात्री जवळ कुणी नसेल तरीही नाही. सांगितल्यावर बहुतेक मुलं आधी विचारतात, ‘अजून कुणाकुणाला माहीत आहे?’ त्या प्रश्नाला मी नावं घेऊन उत्तर देते.