सर्जरीत जायचंय, पण घाबरू नका!

लेस्टरला येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी घाईत होते. म्हटलं, "आई, आत्ता ठेवते हं, छोटीला घेऊन सर्जरीत जायचंय." पलीकडे एकदम शांतता. मग रडवेल्या आवाजात, "अगं, एवढ्याशा पोरीचं कसलं गं ऑपरेशन?"

त्यांची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. इंग्लंडात साध्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात! आणि खरीखुरी शस्त्रक्रिया करणारा जो मोठा सर्जन, त्याला मात्र डॉक्टर न म्हणता 'मिस्टर' म्हणायचं. उलटी खोपडी, दुसरं काय!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाची लेक, कुणाचा मुलगा, कुणाचे 'हे' परदेशी निघाले असतील. लोणची-पापड, कुकर, देवाची छोटी मूर्ती अशा याद्या एव्हाना झाल्याही असतील. पण तिथे आजारी पडलं तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं घर बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, पुढे हातभर अंगण. रस्त्यावर आलात की साड्यांची दुकानं, सोन्याच्या पेढ्या, गरम जिलबी. १९७२ साली युगांडातून हाकलून दिलेली बरीच गुजराती कुटुंबं याच गावात आली. त्या वेळी इथल्या नगरपालिकेनं तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे येऊ नका म्हणून! तरीही ती आली, आणि आज दिवाळीत याच रस्त्यावर दिव्यांच्या माळा लागतात. शेजारच्या बा त्यांच्यातल्याच. मला इथला दवाखाना शिकवला तो त्यांनीच. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बेटा, पेला डॉक्टर, पछी पडदा." म्हणजे आधी डॉक्टरकडे नाव घाल, मग खिडक्यांना पडदे लाव.

त्यांचं सांगणं अगदी खरं होतं. इथे वाटेल त्या डॉक्टरकडे जाऊन बसता येत नाही. घराजवळच्या सर्जरीत आधी नाव नोंदवायचं. नोंदणीला पैसे पडत नाहीत. पासपोर्ट, घराच्या पत्त्याचा पुरावा मागतात खरे, पण ते नाहीत म्हणून नोंद नाकारता येत नाही, हे ध्यानात ठेवा. नोंद झाली की तिथला जी. पी. हा तुमचा डॉक्टर. हाडांचा, त्वचेचा, कानाचा, कुठलाही तज्ज्ञ हवा असला तरी चिठ्ठी याच्याच हातची. आपल्याकडे कान दुखला की थेट कानाच्या डॉक्टरकडे, तसं इथे चालत नाही. तज्ज्ञाची पाळी यायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. ही गोष्ट मला अजूनही पचलेली नाही.

जी. पी.च्या आधी लागते ती काउंटरवरची बाई. ती विचारणार, "काय होतंय?" मला पहिल्यांदा इतकं ओशाळल्यासारखं झालं! बायकांची तक्रार, मागे रांगेत चार पुरुष उभे. मी आपलं "पोटात दुखतंय" म्हणून वेळ मारून नेली आणि भलत्याच नर्सपुढे जाऊन बसले. नंतर कळलं, ती चौकशी कुणाकडे पाठवायचं ते ठरवण्यासाठी असते. "हे खाजगी आहे, डॉक्टरीणबाईंनाच सांगेन" असं सरळ म्हणता येतं आणि कुणी रागावत नाही. इंग्रजी येत नसेल तर दुभाष्याही मिळतो, फुकट; फक्त वेळ ठरवतानाच मागायचा. सासरच्या माणसाला दुभाष्या करून आपलं दुखणं सांगायची पाळी कुणावर येऊ नये, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि मग ते पॅरासिटामॉल! छोटीला सणकून ताप. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, छाती तपासली आणि म्हणाले, "व्हायरल आहे. पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजा." बस्स. ना इंजेक्शन, ना अँटिबायोटिक, ना लाल औषधाची बाटली. मी रस्ताभर चिडचिड करत आले. आमचे सांगलीचे डॉक्टरकाका निदान तीन रंगांच्या पुड्या तरी बांधून देतात! तिसऱ्या दिवशी ताप उतरला. माझा राग उतरायला आणखी बरेच दिवस लागले. अँटिबायोटिक इथे दुकानात मागून मिळत नाही. पॅरासिटामॉलसुद्धा वाण्याच्या दुकानात १६ गोळ्यांच्या पाकिटातच, तेही एका वेळी दोनच पाकिटं. म्हणून भारतातून गोळ्या आणायच्या तर चिठ्ठीसकट आणा. नुसतं कंपनीचं नाव इथे कुणाला कळत नाही, आतल्या औषधाचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. मुलांच्या लसींचं कार्डही विसरू नका.

हिरव्या फुलीचं औषधाचं दुकान मात्र आपली खरी मैत्रीण. इंग्लंडात २०२४ च्या जानेवारीअखेरपासून घसादुखी, मुलांची कानदुखी, बायकांची लघवीची जळजळ अशा सात तक्रारींवर दुकानातला फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो. रात्री-अपरात्री काय करावं कळेना, तर १११ ला फोन करायचा. जिवावरचं असेल तर ९९९.

बाळंतपणाचं वेगळंच पुराण आहे. माझा धाकटा इथलाच. इथे सगळं बघते ती मिडवाइफ, म्हणजे आपली सुईणच, पण चांगली शिकलेली. डॉक्टर येतो तो काही अडलं तरच. बाळ झाल्यावर मला काय दिलं असेल? चहा आणि टोस्ट! डिंकाचा लाडू नाही की काही नाही. पण वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीला त्या बाईनं सहज विचारलं, "मुलगा की मुलगी, जाणून घ्यायचंय?" तेव्हा मी दचकलेच. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानं ज्या प्रश्नाला बंदी, तो इथे असा चहा विचारावा तसा! मी नको म्हटलं. का ते मलाच नीट सांगता यायचं नाही.

आता पैशांचं. सगळे म्हणतात इंग्लंडात उपचार फुकट. १९४८ च्या ५ जुलैला ही राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ती याच तत्त्वावर. पण बाहेरून नोकरीसाठी येणाऱ्यांना व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. नवरा-बायको, एक मूल, तीन वर्षांचा व्हिसा, म्हणजे ८,५३८ पौंड, आणि तेही आगाऊ! आरोग्यसेवेतच नोकरीला येणाऱ्यांना तो माफ आहे. नोकरी देणारा भरणार की तुम्ही, हे सही करण्याआधी विचारून घ्या. एवढं भरूनही इंग्लंडात औषधाच्या दर नगाला ९ पौंड ९० पेन्स पडतात (मुलांना, गरोदर बायकांना आणि साठीपुढच्यांना माफ). दातांचे पैसे वेगळे. त्या दातांबद्दल मी बोलतच नाही.

पण हा अधिभार पाहुण्यांना लागत नाही. सुटीला येणारे आई-वडील तो भरत नाहीत, म्हणून त्यांना त्याची सवलतही नाही. हे मी शिकले ते सासूबाईंच्या आजारपणात.

त्या आल्या ऑक्टोबरात, दिवाळीला. येण्याआधी प्रवासाचा विमा मीच काढला. फॉर्मवर प्रश्न होता, पूर्वीचा काही आजार? मी फोनवर विचारलं. म्हणाल्या, "बीपी काय आजार आहे का? सकाळी एक गोळी घेते, झालं." मी 'नाही'वर खूण केली. हप्ताही थोडा कमी बसला, खोटं कशाला सांगू.

भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री त्यांच्या छातीत कळ आली. ९९९, रुग्णवाहिका, सगळं मिनिटांत. तातडीच्या विभागात कुणीही पैशाचं नाव काढलं नाही, कारण तिथला उपचार पाहुण्यांनाही फुकटच असतो. पण वॉर्डात दाखल केलं की तिथून हिशोब सुरू होतो, आणि तोही ठरलेल्या दराच्या दीडपट. दुसऱ्या दिवशी एक बाई फाईल घेऊन आली. व्हिसा कुठला, विमा आहे का, गोड बोलून सगळं विचारलं. तातडीचा उपचार पैशांवाचून थांबवत नाहीत, हेही तिनंच सांगितलं. सहा दिवसांनी आई घरी आल्या. विमा कंपनीनं सांगलीच्या डॉक्टरांचे कागद मागवले, बीपीची नोंद दहा वर्षांची निघाली आणि त्यांनी हात वर केले.

आकडा लिहीत नाही. आईंनी हातातल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. "मोडा," म्हणाल्या. ह्यांनी त्या परत त्यांच्या हातात घातल्या, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या रात्री ह्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

रुग्णालय हप्ते बांधून देतं, पण ते आपण होऊन मागावे लागतात. पाचशे पौंड किंवा जास्त रक्कम दोन महिन्यांवर थकली, की ते सरकारला कळतं आणि पाहुण्याचा पुढचा व्हिसा अडू शकतो. आम्ही सव्वादोन वर्षं हप्ते भरले.

गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. आई येत्या मे महिन्यात पुन्हा यायचं म्हणताहेत. विम्याचा फॉर्म या वेळीही मीच भरणार आहे. त्यांच्या गोळ्यांच्या डबीचा फोटो मागवून घेतलाय. त्यात एक नव्हे, चार गोळ्या निघाल्या.